कंदील घेऊन चालणारे आजोबा: भिंतीवरची सावली मधेच उडी मारते. लाइटिंग चुकतंय की वॉक सायकल?

पाखाडीवाला

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ब्लेंडरमधे (थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) छोटी फिल्म करतोय, जेमतेम दीड मिनिटाची. सीन असा की रात्रीची वेळ, कोकणातली पाखाडी (दगडी पायवाट), डाव्या हाताला घराची चिऱ्याची भिंत, उजवीकडे गडगा (दगडांचं कुंपण), आणि एक आजोबा उजव्या हातात कंदील धरून चालत येतात, बेड्याजवळ (कुंपणाच्या फाटकाजवळ) थांबतात आणि हाक मारतात. बस एवढंच. आजोबांच्या कमरेला पंचा आणि अंगात बंडी आहे, म्हणजे पाय गुडघ्यापासून खाली उघडेच आहेत आणि सगळं दिसतं.

ब्लेंडर ४.२, सायकल्स (ब्लेंडरचं रेंडर इंजिन), रिगिफायचा रिग (पात्र हलवायचा हाडांचा सांगाडा), सेकंदाला २४ फ्रेम. म्हातारा माणूस म्हणून एक पाऊल १६ फ्रेमचं धरलंय, म्हणजे पूर्ण वॉक सायकल (दोन पावलांचा फेरा) ३२ फ्रेमची. जागच्या जागी सायकल बनवली आणि मग रूट बोनला (अख्खं पात्र हलवणाऱ्या मुख्य हाडाला) पुढे ढकललं.

आता अडचणी. पहिली आणि मोठी, डाव्या भिंतीवर पायांची जी मोठी सावली पडते ती मधेच एकदम उडी मारते. मला वाटलं नॉइज (रेंडरमधले दाणे) आहे, सॅम्पल्स (दर पिक्सेलला मोजायचे किरण) १२८ वरून १०२४ वर नेले, डीनॉइज चालू बंद करून बघितलं, रेंडरचा वेळ वाढला पण उडी आहे तिथेच आहे. दुसरं म्हणजे पाय घसरतात, बर्फावर चालल्यासारखे. तिसरं, कंदिलाला काच लावली की उजेडच पडत नाही, काच काढली की छान पडतो. चौथं, कंदिलाच्या बाहेर सगळं ठार काळं.

आमचे सर म्हणतात आधी लाइटिंग फायनल कर मग अ‍ॅनिमेशन पॉलिश कर, आणि वर्गातला एकजण बरोब्बर उलटं सांगतो. नक्की काय आधी करायचं? आणि उडीचं काय करू, डोकं फिरायची वेळ आलीये.

ग्राफएडिटर_भक्त

उडी नॉइजची नाहीये भावा, पैजेवर सांगतो. नॉइज असता तर सगळ्या भिंतीभर मुंग्या आल्यासारखा दिसला असता, आणि सॅम्पल्स वाढवल्यावर कमी झाला असता. तू एक काम कर, उडी कुठल्या फ्रेमला येते ते लिहून काढ. दर ३२ फ्रेमनी त्याच जागी येत असेल तर लाइटला हात लावू नकोस, तो गुडघा आहे.

होतं काय की पुढचं पाऊल टेकायच्या जरासं आधी पाय पूर्ण ताणला जातो, कंबर आणि घोटा यातलं अंतर पायाच्या लांबीएवढं होतं, आयके (पाऊल ठेवलं की गुडघा आपोआप वाकवणारी सोय) बिचारा पाय काठीसारखा सरळ करतो आणि पुढच्या फ्रेमला कंबर किंचित खाली आली की गुडघा फटकन वाकतो. किती वाकतो ते बघ. मांडी ४० सेंटीमीटर आणि नडगी ४० धरली तर पूर्ण सरळ पाय ८० चा. अंतर ८० चं ७९ झालं, फक्त एक सेंटीमीटर, तर गुडघ्यात साधारण १८ अंशांचा कोन पडतो आणि गुडघा सव्वासहा सेंटीमीटर पुढे येतो. त्याच्या पुढचा सेंटीमीटर, ७९ चं ७८, त्यात फक्त आणखी साडेसात अंश. म्हणजे सगळा घोटाळा त्या पहिल्या सेंटीमीटरमधे आहे.

आणि तुझा कंदील उजव्या हातात, गुडघ्याच्या उंचीला, पायापासून समजा ३० सेंटीमीटरवर. डावी भिंत कंदिलापासून दीड मीटरवर असेल तर उजव्या पायाची सावली पाचपट मोठी पडणार. सव्वासहा गुणिले पाच, भिंतीवर फूटभर उडी. कॅमेऱ्यातून नुसता पाय बघितला तर कदाचित कळलंही नसतं, कंदिलाने चुगली केली. डाव्या पायाची उडी पण असणार, पण तो कंदिलापासून लांब म्हणून त्याची सावली कमी मोठी होते आणि मधे उजवा पाय येतो, म्हणून तुला ३२ फ्रेममधे एकच दिसत असेल.

उपाय सोपा आहे. अख्खी कंबर दोन तीन सेंटीमीटर खाली घे. म्हातारा माणूस तसाही पाय पूर्ण ताणून चालत नाही, गुडघा कायम थोडा वाकलेला राहूदे, वय पण दिसेल आणि पॉप (ही उडी) पण जाईल, एका दगडात दोन पक्षी. रिगिफायमधे पायाचं आयके स्ट्रेच शून्य कर म्हणजे पाय जिथे पोचत नाही तिथे पाऊल कंट्रोलपासून सुटलेलं उघड दिसेल, नाहीतर रिग पाय लांब करून झाकत बसतो. आणि नडगीच्या हाडाला मोशन पाथ (हालचालीचा ठिपक्यांचा माग) लाव, हेडवर (हाडाच्या वरच्या टोकावर), म्हणजे गुडघ्याचा माग मिळतो. ठिपके सारख्या अंतरावर हवेत, जिथे दोन ठिपक्यांत एकदम भगदाड पडलंय तीच तुझी फ्रेम.

घसरणाऱ्या पायाबद्दल: रूटच्या कीफ्रेम (जागा नोंदवलेल्या फ्रेम) बेझियरवर (सुरुवातीला आणि शेवटी वेग मंदावणाऱ्या कर्व्हवर) आहेत का? डिफॉल्ट तेच असतं. ग्राफ एडिटरमधे (हालचालीचे कर्व्ह दिसतात ती खिडकी) सिलेक्ट करून टी दाब, लिनिअर (एकसारखा वेग) कर. आणि सायकलमधे पाऊल जमिनीवर असताना मागे जातं तो कर्व्हसुद्धा लिनिअरच पाहिजे, तिथे ईज (वेग मंदावणं) आलं की मेलास. गणित असं की पाऊल ४० सेंटीमीटरचं धरलं तर १६ फ्रेममधे ४०, म्हणजे रूट दर फ्रेमला अडीच सेंटीमीटर पुढे आणि टेकलेलं पाऊल दर फ्रेमला बरोबर अडीच सेंटीमीटर मागे. सेकंदाला ६० सेंटीमीटर. सहा मीटरची पाखाडी असेल तर दहा सेकंद, २४० फ्रेम. डोळ्याने जुळवत बसू नकोस, आकडे टाक.

रात्रपाळी_रेंडर

वरचं सगळं बरोबर. मी लाइटचं सांगते.

काचेचं कारण हे की सायकल्समधे ग्लास शेडरमधून (काचेच्या मटेरियलमधून) थेट उजेड आरपार जात नाही, तो कॉस्टिक (काचेतून वळून एकवटलेला उजेड) म्हणून मोजला जातो, आणि छोट्या लाइटचं ते गणित इंजिनला फार अवघड जातं, मग एकतर अंधार नाहीतर पांढरे ठिपके. काचेच्या ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमधे जाऊन रे व्हिजिबिलिटीमधलं शॅडो काढून टाक. काच दिसेल, चमकेल, पण उजेड अडवणार नाही. ज्योत मेश (थ्रीडी आकार) म्हणून ठेव फक्त डोळ्याला दिसायला, आणि प्रत्यक्ष उजेड एका पॉइंट लाइटने दे. ज्योतीचा मेश डिफ्यूज रेजना (पृष्ठभागावरून चहूकडे पसरणाऱ्या किरणांना) दिसू देऊ नको, नाहीतर तोच नॉइज परत येतो.

पॉइंट लाइटचा रेडियस बघितलास का? डिफॉल्ट ठेवला असशील तर तुझी ज्योत बॉलएवढी आहे. एक दीड सेंटीमीटर कर, सावलीची कड कुरकुरीत होईल. अर्थात मग गुडघ्याचा पॉप अजून स्पष्ट दिसेल, त्यामुळे आधी गुडघा. रंगासाठी ब्लॅकबॉडी नोड (तापमानावरून रंग देणारा) लावून १९०० केल्विनच्या आसपास टाक, हाताने नारंगी निवडू नको, हाताने निवडलं की सगळ्यांचं भगवं होतं.

ज्योत फडफडवू नको प्लीज. सगळे विद्यार्थी पॉवरवर नॉइज मॉडिफायर टाकतात आणि कंदील पणतीसारखा लुकलुकतो. कंदिलाला काच असते ती वाऱ्यापासून ज्योत सांभाळायलाच ना, ती बऱ्यापैकी स्थिर जळते. उजेड हलायला हवा तो कंदील झुलण्यामुळे.

आता गंमत. दिव्याखाली अंधार ही म्हण तुझ्या सीनमधे शब्दशः लागू होणार आहे. ज्योतीच्या खाली रॉकेलची टाकी असते. समजा टाकी ८ सेंटीमीटर त्रिज्येची, ज्योतीपासून १० सेंटीमीटर खाली, आणि ज्योत जमिनीपासून ४५ वर. तर जमिनीवर ३६ सेंटीमीटर त्रिज्येचं काळं वर्तुळ पडतं, आणि उजवं पाऊल बरोब्बर त्यात. पाऊल जमिनीला टेकतंय हे प्रेक्षकाला दिसतच नाही आणि माणूस तरंगल्यासारखा वाटतो. कंदील उंच धरला तर वर्तुळ लहान होत नाही, उलट मोठं होतं, ८० सेंटीमीटरवर नेलास की ६४. म्हणून हात थोडा पुढे काढून धर, पडणारं पाऊल उजेडात येतं. तेवढ्याने भागलं नाही तर शॅडो लिंकिंग आहे, ४.० पासून सायकल्समधे आलंय, टाकीला सावली पाडणाऱ्यांच्या यादीतून काढ. फसवणूक आहे, पण सिनेमातले लोक आयुष्यभर हेच करतात. दोन बाजूच्या नळ्या मात्र यादीत ठेव. त्यांचे दोन जाड काळे पट्टे भिंतीवरून फिरतात ना, कंदील हलतोय हे त्याच पट्ट्यांवरून कळतं.

ठार काळ्याबद्दल: चंद्र टाक. एक सन लाइट, थोडा निळसर, मागून एका बाजूने, खांद्याला आणि डोक्याला कड मिळेल असा. किती पॉवर हे मी सांगू शकत नाही, तुझ्या एक्स्पोजरवर आहे. कंदील बंद करून नुसत्या चंद्रावर एक फ्रेम काढ, भिंत कुठे संपते आणि गडगा कुठे सुरू होतो एवढं जेमतेम कळलं पाहिजे, चेहरा ओळखू यायला लागला तर चंद्र जास्त झाला. चिरा खरा तांबडा आणि गडद असतो, उजेड पितो, त्यामुळे बाउन्सवर (भिंतीवरून परत उसळणाऱ्या उजेडावर) फार भरवसा ठेवू नको. आणि दोन्ही लाइट वेगळ्या लाइट ग्रुपमधे टाक, रेंडर झाल्यावर कंपोझिटरमधे चंद्र कमी जास्त करता येतो, परत रेंडरला बसावं लागत नाही.

शॉर्टकट_सम्राट

एवढा व्याप कशाला, मिक्सामोवरून (तयार हालचालींची वेबसाइट) वॉक डाउनलोड करा, फुकट आहे, इन प्लेस (जागच्या जागी) टिक करा, रिटार्गेट करा (ती चाल आपल्या रिगवर बसवा), झालं. म्हातारी चाल पण मिळते तिथे. गुडघा बिडघा सगळा खऱ्या माणसाचा असतो.

ग्राफएडिटर_भक्त

@शॉर्टकट_सम्राट गेमसाठी ठीक आहे हो, पण इथे उजव्या हातात कंदील आहे. वजन धरलेला हात झुलत नाही, तो जवळजवळ शांत असतो, त्याची भरपाई डावा हात आणि खांदे करतात, आणि धड कंदिलाच्या उलट बाजूला किंचित कलतं. डाउनलोड केलेल्या चालीत दोन्ही हात रिकामे असतात. हात दुरुस्त करायला गेलं की खांदा बदलतो, खांदा बदलला की कंबर खोटी वाटते, शेवटी सगळंच परत करायचं. शिवाय मापं वेगळी असली की रिटार्गेटमधे परत पाय घसरतातच. रेफरन्स म्हणून बाजूला ठेवा, त्याला ना नाही.

आणि खरा रेफरन्स पाहिजे तर मायब्रिज या फोटोग्राफरचे फोटो नेटवर आहेत, १८८७ साली छापले त्याने, माणसं चालताना, पायऱ्या उतरताना, बादल्या उचलून नेताना, मागे चौकटी आखलेल्या. हातात ओझं घेतलेल्या माणसाचे खांदे कुठे जातात ते मोजून बघता येतं. नाहीतर स्वतःच्या आजोबांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, हातात पाण्याने अर्धी भरलेली कळशी देऊन. (भरलेली नको, घरचे मला शिव्या घालतील.)

पाखाडीवाला

सगळ्यांचे आभार. फ्रेम लिहून काढल्या, ३१, ६३, ९५, अगदी ३२ च्या अंतराने. गुडघाच निघाला. कंबर अडीच सेंटीमीटर खाली घेतली आणि उडी गेली, सॅम्पल्स परत १२८ वर आणले, काच पण झाली. पाय आता घसरत नाहीत.

पण आता नवीनच. आजोबा चालतात पण वजन वाटत नाही, हलके हलके वाटतात. आणि कंदील हाताला पॅरेंट केलाय (जोडलाय) तर तो मनगटाबरोबर तिरका होतो, मी वरून झुलण्याच्या कीफ्रेम टाकल्या तीन सेकंदांच्या, छान संथ वाटावं म्हणून, पण कंदील का कुणास ठाऊक अवाढव्य दिसतो, देवळातल्या घंटेसारखा.

लंबक_आणि_लाइट

कंदील अवाढव्य दिसतो कारण तू त्याला अवाढव्य वस्तूची गती दिलीस. अकरावीच्या फिजिक्समधला लंबक आठव, झोक्याला लागणारा वेळ लांबीवर ठरतो. मूठ ते कंदिलाचा मध्य साधारण २५ सेंटीमीटर, त्याचा झोका एक सेकंदाचा, म्हणजे तुझ्या २४ फ्रेम. तीन सेकंदांचा झोका पाहिजे तर दोरी सव्वादोन मीटरची लागेल. डोळ्याला हे गणित माहीत नसतं पण खोटं लगेच कळतं.

आता यात एक गोम आहे. चालत असताना कंदील स्वतःच्या एक सेकंदाने झुलत नाही, हात त्याला पावलाच्या तालावर ढकलत असतो त्यामुळे तो तोच ताल पकडतो. तुझ्याकडे डावी उजवी हालचाल ३२ फ्रेमची, कारण धड एका सायकलमधे एकदा डावीकडे एकदा उजवीकडे जातं, आणि पुढे मागे १६ फ्रेमची, कारण धक्का प्रत्येक पावलाला बसतो. दोन्ही चार पाच अंशांच्या वर नेऊ नकोस, आजोबा सावकाश चालतायत. मग बेड्याजवळ थांबले की तिथे ताल सुटतो आणि कंदील स्वतःच्या २४ फ्रेमवर येतो, तीन चार झोके, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, आणि शांत. तो शॉट नीट केलास तर सगळ्या फिल्ममधे लोक तेवढंच लक्षात ठेवतील, कारण आजोबा थांबलेत आणि त्यांची सावली अजून भिंतीवर हलतेय.

पॅरेंट काढून टाक. कंदिलाच्या कडीला कॉपी लोकेशन (फक्त जागा घेणारं बंधन) दे मुठीच्या बोनवर, रोटेशन घेऊच नको. कंदील खालीच लोंबणार, मनगट काहीही करो.

ग्राफएडिटर_भक्त

वजनाचं मी सांगतो. दुसरा पाय टेकला त्याच फ्रेमला तू मागचा पाय उचलतोयस, बरोबर? बहुतेक सगळे तसंच करतात. खऱ्या चालण्यात एक पाय सायकलच्या साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर असतो, म्हणजे थोडा वेळ दोन्ही पाय खाली असतात, आणि म्हातारपणी हा दोन्ही पायांचा वेळ वाढतो. तुझ्या ३२ पैकी २१ फ्रेम पाऊल जमिनीवर ठेव, उरलेल्या ११ मधे हवेतून पुढे आण. टेकलेलं पाऊल अडीच सेंटीमीटरच्या हिशोबाने साडेबावन्न सेंटीमीटर मागे जाईल, तेवढंच ११ फ्रेममधे पुढे. पाऊल उचलायचं पण कमी, जमिनीपासून दोन तीन सेंटीमीटर, वहाण जवळजवळ घासत गेली पाहिजे.

आणि कंबर नुसती वर खाली करतोयस, बाजूला सरकवत नाहीयेस असा माझा अंदाज. मागचं पाऊल सुटायच्या आधी कंबर टेकलेल्या पायावर जायला हवी. आधी जायला हवी, एकाच वेळी नाही. आधी वजन सरकतं मग पाय सुटतो, म्हाताऱ्या माणसात हा क्रम डोळ्याला दिसण्याइतका संथ असतो. वर खाली हालचाल उलट कमी कर, दीड दोन सेंटीमीटर बास. जास्त उड्या मारल्या की आजोबा टवटवीत होतात.

रात्रपाळी_रेंडर

आणि तुझा पहिला प्रश्न राहिलाच, आधी काय. तुझे सर आणि तुझा मित्र दोघं अर्धे बरोबर आहेत. या सीनमधे लाइट आजोबांच्या हातात आहे, त्यामुळे चाल बदलली की लाइटिंग बदलतं, फायनल करणार तरी कसं? पण अंधारात न बघता चाल पॉलिश करणं पण वेडेपणा आहे, भिंतीवर काय उमटणार हे कळत नाही. मी असं करते की ब्लॉकिंग (मुख्य पोझ लावणं) झालं की लगेच कंदील आणि चंद्र कच्चे लावते, ईव्हीमधे (ब्लेंडरचं झटपट रेंडर इंजिन) अर्ध्या साइजला व्ह्यूपोर्ट रेंडर काढते, आणि पुढची सगळी चाल त्या सावलीकडे बघत सुधारते. रेडियस, रंग, चंद्राचा कोन, टाकीची सावली हे सगळं शेवटी. उन्हातला सीन असता तर सरांचं ऐकलं असतं.

सायकल ग्राफ एडिटरमधे शिफ्ट ई करून सायक्लिक केलीस का? पहिली आणि ३३ वी फ्रेम सारखी ठेव पण प्रिव्ह्यू लूप ३२ वर संपव, नाहीतर एक फ्रेम दोनदा दिसते आणि तुला वाटेल परत उडी आली. आणि फायनलला थेट एमपी४ काढू नको. फ्रेम वेगवेगळ्या काढ, ईएक्सआर मल्टिलेयर (लाइट ग्रुप वेगवेगळे साठवणारी इमेज फाइल), नाहीतर लाइट ग्रुप केल्याचा काही उपयोग नाही. वीज गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे चालू करता येतं, आणि पावसाळ्यात रेंडर लावत असशील तर ती जाणारच आहे.

पाखाडीवाला

ईएक्सआरच्या २४० फ्रेम माझ्या लॅपटॉपवर मावतील का? डिस्कवर जागा फार नाहीये.

रात्रपाळी_रेंडर

एक फ्रेम काढून साइज बघ आणि २४० ने गुण. हाफ फ्लोट (१६ बिट) ठेव, कोडेक डीडब्ल्यूएए (फाइल लहान करणारं कॉम्प्रेशन), न लागणारे पास (रेंडरचे वेगळे थर) बंद कर. तरी नाही मावलं तर एक्स्टर्नल डिस्क आण कोणाची तरी.